एकच पी

“ओ, आर, बी, आय, टी, आय...”

इथवर ऐकताच ऋषिराजनं टेबलावरच्या घंटीवर तळहात मारला. माईकपुढं उभी असलेली मुलगी दचकली. उरलेली दोन अक्षरं तिनं तरीही म्हटली, स्वतःशीच बोलल्यासारखी, आणि ती स्टेजच्या पायऱ्यांकडं वळली.

“रेश्मा, थांब,” विजयमालाबाई म्हणाल्या.

पलूसच्या त्या हॉलमध्ये तालुक्यातल्या चौदा शाळांची मुलं बसली होती. स्पर्धा स्पेलिंगची होती. परीक्षकांनी मूळ शब्द द्यायचा, त्याला कुठला प्रत्यय लावायचा ते सांगायचं आणि होणारा शब्द मुलानं अक्षरं सुटी करून म्हणायचा. रेश्माला ऑर्बिट या शब्दापुढं आयएनजी लावायला सांगितलं होतं. परीक्षक दोघंच होते. ऋषिराज जवळच्याच एका शाळेत इंग्रजी शिकवायचा. विजयमालाबाईंनी त्याला सातवीत इंग्रजी शिकवलं होतं, आणि त्यांना निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली होती.

ऋषिराज त्यांच्याकडं झुकला.

“बाई, टी डबल पाहिजे ना? शेवटी एक व्यंजन, त्याच्या आधी एक स्वर. प्रत्यय लागला की व्यंजन दुप्पट. स्टॉप, स्टॉपिंग. तुमचाच नियम.”

“निम्मा आहे तो,” बाई म्हणाल्या. “शब्द लांब असला की जोर कुठं येतो ते बघायचं. शेवटच्या तुकड्यावर जोर असेल तरच दुप्पट. बिगिन म्हणताना आपण गिनवर जोर देतो, म्हणून बिगिनिंगला मधे दोन एन. ऑर्बिटमध्ये जोर पहिल्या तुकड्यावर. टी एकच. पोरीचं बरोबर आहे.”

मग माईक ओढून त्यांनी तेच सगळ्या हॉलला सांगितलं. रेश्मा परत रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या शाळेच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

बक्षिसं वाटून झाल्यावर मागच्या खोलीत चहा होता. ऋषिराज कप घेऊन बाईंच्या शेजारी येऊन बसला. तो ओशाळला होता.

“आमच्या वर्गाला तुम्ही एवढंच सांगितलं होतं, बाई. जोराबिराचं काही नव्हतं. मी पण आजवर पोरांना तेच शिकवत आलोय.”

“तेव्हा मलाही माहीत नव्हतं,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे फिरदोस बरोबर होती म्हणा की!” ऋषिराज हसला. “आठवते का? गादीवाल्या पीरमहंमदची पोरगी. गॅलप्ड लिहिताना एकच पी लिहिला म्हणून तुम्ही तिचा मार्क कापला होता. स्टाफरूमपर्यंत आली होती भांडायला.”

विजयमालाबाईंनी कप बशीत ठेवला. चहा निम्मा राहिला होता.

“कुठं असते ती?”

“कवठे महांकाळला. माझी सासुरवाडी तिथलीच, म्हणून माहीत. स्टँडपासून जवळ फ्लेक्सचं दुकान आहे तिचं. दुकान तीच चालवते, नवरा गाडीवर असतो. लय हुशार हो, अजून तशीच.”

घरी आल्यावर बाईंनी नवऱ्याला त्या कापलेल्या मार्काचं सांगितलं, फिरदोसला भेटून यायचंय म्हणाल्या. आकाराम फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. ते अंगणात बसून दाढी करत होते. त्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला आणि आरशातूनच विचारलं,

“सत्तावीस वर्सांनी? तिच्या ध्यानात तरी आसंल का?”

“माझ्या आहे.”

आकाराम गालावरून वस्तरा फिरवत राहिले. “मग जाऊन ये. म्या सोडू का मोटरसायकलीवरनं?”

“नको. एसटीनं जाते. एकटीच.”

तासगावला गाडी बदलून त्या पुढं निघाल्या तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. खिडकीतून दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव मागं जात होते. बाईंच्या मांडीवर पिशवी होती, तिच्यात पेढ्यांचा पुडा. पुडा घेताना त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. चूक कबूल करायला जाताना काय न्यायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली पाचगणीच्या मुलींच्या एका निवासी शाळेत त्यांच्या गावच्या शाळेसाठी एक जागा मिळाली होती. एका ट्रस्टनं ती दिली होती. सातवी पास झालेल्या एका मुलीनं आठवीपासून तिथं राहायचं, शिकायचं, सगळा भार ट्रस्टचा. तिथलं शिक्षण इंग्रजीतून, म्हणून निवड इंग्रजीच्या परीक्षेवर. पेपर काढायचं आणि तपासायचं काम हेडसरांनी विजयमालाबाईंवर सोपवलं. शाळेत इंग्रजीचं दुसरं कुणी नव्हतंच.

परीक्षेला बसलेल्या मुलींत खरी चुरस दोघींतच होती. एक फिरदोस. तिचे वडील गावात गाद्या भरून द्यायचे, आणि पोरगी त्यांच्या दुकानात कापसाच्या ढिगाला टेकून वाचत बसलेली दिसायची. दुसरी दीपमाला. ती विजयमालाबाईंच्या थोरल्या बहिणीची मुलगी. तिचे वडील सीमेवर ड्युटीवर असताना वारले आणि त्यानंतर बहीण पोरीला घेऊन बाईंच्याच घरी राहायला आली होती. बाईंनी हेडसरांना हे सांगितलंही होतं. सर म्हणाले, “बाई, तुमच्यावर अविश्वास दाखवायचा म्हणजे मग बोलणंच खुंटलं.”

श्रुतलेखनात एका घोड्याची हकिकत होती. घोडा चौखूर उधळला, असं एक वाक्य होतं. दीपमालानं गॅलप्ड लिहिताना दोन पी लिहिले, बाईंनी शिकवलेल्या नियमाप्रमाणं. फिरदोसनं एक लिहिला. दीपमालाला पन्नासपैकी चव्वेचाळीस पडले, फिरदोसला त्रेचाळीस.

मंगळवारी पेपर हातात मिळाल्यावर फिरदोस मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात आली. हातात इंग्रजीचं पुस्तक होतं. “बाई, ओपनचं ओपन्ड होताना पुस्तकात एकच एन हाय. तुमच्या नियमानं दोन पायजेत. मग गॅलपला दोन पी कशापायी?”

“ते अपवाद असतात. नियम पाठ कर आधी,” बाई म्हणाल्या होत्या. इतर शिक्षक ऐकत होते. एक जण हसले. पोरगी पुस्तक मिटून गेली.

आणि पाचगणीला गेली दीपमाला. तिथं ती रमली नाही. दुसऱ्या वर्षी दिवाळीला घरी आली ती आईला चिकटून बसली, परत गेलीच नाही. ट्रस्टनं पुन्हा गावच्या शाळेला जागा दिली नाही. आता दीपमाला विट्याला होती, नवरा, दोन मुलं, सगळं ठीक. त्या परीक्षेचा विषय तिनं कधी काढल्याचं बाईंना आठवत नव्हतं. फिरदोस गावातच दहावीपर्यंत शिकली. पहिल्या नंबरानं पास झाली, आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. बाईंना लग्नाचं बोलावणं होतं. त्या गेल्या नव्हत्या.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. दारातच एका वाढदिवसाचा फ्लेक्स वाळत टांगला होता, गॉगल लावलेला कुणी तरुण आणि त्याच्याभोवती पंधरा-वीस शुभेच्छुकांची तोंडं. आत मोठं छपाईचं यंत्र घरघरत होतं. कॉम्प्युटरपुढं डोक्यावरून ओढणी घेतलेली एक बाई बसली होती. तिनं मान वळवली, क्षणभर बघितलं आणि उठून उभीच राहिली.

“बाई? आवं, तुमी हितं कशा?”

“तुझ्याकडंच आले.”

फिरदोसनं खुर्चीवरची कागदांची चवड उचलून खाली ठेवली, ओढणीच्या टोकानं खुर्ची पुसली आणि बाईंना हाताला धरून बसवलं. शेजारच्या हॉटेलात हाक मारून चहा सांगितला. बाईंनी पुडा पुढं केला, तेव्हा तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. बोलता बोलता कळलं, पीरमहंमद जाऊन चार वर्षं झाली. आई मेहरुनबी आता लेकीकडंच असते. डोळ्यांना कमी दिसतं, पण पोरांच्या गोधड्या अजून स्वतः शिवते. मोठी मुलगी मिरजेला फार्मसीला आहे.

“तिला पयल्यापास्नं इंग्लिश मीडियमला घातली. म्हटलं, आपलं राहिलं, तिचं राहू नये,” फिरदोस म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता.

चहा आला. बाईंनी ग्लास हातात घेतला. तो तापला होता, तरी त्यांनी खाली ठेवला नाही.

“फिरदोस, पाचगणीच्या परीक्षेत मी तुझा एक मार्क कापला होता.”

“गॅलप्डचा.” फिरदोस हसली. “इसरीन व्हय?”

“तुझं बरोबर होतं. गॅलपला पी एकच. मी शिकवलेला नियम अर्धा होता. त्या एका मार्कानं तुझी जागा गेली. तेवढं सांगायला आले.”

यंत्राची घरघर थांबली. फिरदोसनं उठून नवा रोल नीट बसवला, बटण दाबलं आणि परत येऊन बसली.

“मला ठावं हाय, बाई. लय वर्सं झाली.”

“कसं?”

“कॉम्प्युटर शिकाय लागले तवाच. मास्तर म्हणाले, काय बी टाइप करा. मी काय केलं सांगू? गॅलप्ड. दोन पीनं. खाली लाल रेघ आली. मला वाटलं, मशीनच बिघडलंय. बाईंनी सांगितल्यालं चुकंल कसं? मग एक पी काढला. रेघ गेली. परत घातला, परत आली. सगळी पोरं घरी गेली तरी मी आपली तेच करत बसले हुते.”

ती हसत होती. बाईंना हसता आलं नाही.

“मग घरी येऊन जरा रडले. अब्बांना फोन केला. म्हटलं, अब्बा, माझं बरोबर हुतं. ते म्हणाले, बाईंना तवा म्हाईत नसंल बेटा, माणसाला सगळं कुठं म्हाईत असतं. खरंच हाय की. गावात डिक्शनरी तरी कुणाकडं हुती? माझ्या मनात कायबी न्हाई, बाई. तुमी एवढ्या लांबनं आला, हेच लय झालं. जाणूनबुजून केलं असतं तर गोष्ट येगळी.”

बाईंनी चहाचा घोट घेतला. तो गोड होता. फिरदोसनं ओढणी सारखी केली आणि मुलीचा फोटो दाखवायला मोबाईल काढला. पांढरा कोट घातलेली, आजोबांसारखं कपाळ असलेली मुलगी. बाईंनी फोटो बराच वेळ बघितला. त्यांना आता उठता आलं असतं. सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि मिळायचं ते, मागण्याआधीच, मिळालं होतं.

डिक्शनरी गावात एक होती. हेडसरांच्या कपाटात, वरच्या फळीवर, काळ्या पुठ्ठ्याची. फिरदोस स्टाफरूमच्या दारातून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, सर जेवायला घरी गेले असताना, बाईंनी स्टुलावर चढून ती काढली होती. रात्रभर त्यांच्या डोक्यात ओपनमधला एक एन घुमत होता. गॅलप सापडलं. पुढं कंसात दिलं होतं, पी एकच. मग त्यांनी ओपन बघितलं, बिगिन बघितलं, व्हिजिट बघितलं. शेवटच्या पानांत नियम सबंध छापलेला होता, जोराच्या अटीसकट. त्यांनी तो दोनदा वाचला. टेबलावर निकालाचा कागद त्यांच्याच अक्षरात पडला होता, अजून सरांची सही व्हायची होती. दीपमालाचा एक मार्क कमी करायचा आणि फिरदोसचा एक वाढवायचा, की आकडे अदलाबदल होणार होते. दोन आकडे खोडायला पेनाचं टोपण काढावं लागलं असतं, एवढंच. त्यांनी डिक्शनरी जिथं होती तिथं ठेवली आणि साडीवरची धूळ झटकली. घरी बहीण दीपमालासाठी स्वेटर विणायला बसली होती.

पुढच्या जूनमध्ये नवी सातवी आली. तिला बाईंनी नियम सबंध शिकवला. त्यानंतर दरवर्षी सबंधच शिकवला. फक्त त्या एका वर्गाला तो पुन्हा कधी समजावला नाही, कारण त्या वर्गात फिरदोस बसत होती.

हे त्यांनी बहिणीला सांगितलं नव्हतं. आकारामांनाही नाही.

“बाई, चहा गार झाला,” फिरदोस म्हणाली. “दुसरा सांगू?”

“मला माहीत होतं.”

“काय?”

“तू भांडून गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी. हेडसरांच्या कपाटात डिक्शनरी होती. मी काढून बघितली. बुधवारी दुपारी.” बाईंचा आवाज वर्गात शिकवतानासारखा सरळ निघत होता. त्याचं त्यांनाच नवल वाटलं. “तुझं बरोबर आहे हे मला बुधवारी कळलं होतं. मी गप्प बसले.”

फिरदोसच्या हातात मोबाईल तसाच होता. पडद्यावरचा मुलीचा फोटो आपोआप मंद झाला आणि विझला.

“बुधवारी,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि दीपमाला तुमच्या घरची हुती.”

“हो.”

छपाईच्या यंत्रातून गॉगलवाल्या तरुणाच्या फ्लेक्सची दुसरी प्रत, कपाळापासून, हळूहळू बाहेर येत होती. फिरदोस तिकडं बघत राहिली.

“यादी शुक्रवारी लागली हुती, बाई,” ती म्हणाली. “अब्बा जुम्म्याची नमाज पढून तसंच शाळेत आलते. मी फाटकापाशी हुभी हुते. त्यांनी दोन डाव वाचली. त्यांना वाचाय येळ लागायचा. मग मला म्हणाले, एकाच मार्कानं, बेटा. एकाच.”

बाईंना बुधवारची दुपार स्टुलाच्या डुगडुगणाऱ्या पायासकट आठवत होती. शुक्रवार त्यांनी आठवून बघितला. काही आठवलं नाही. त्या दिवशी त्या वर्गावर असतील. फाटकाकडं त्यांनी बघितलं नसेल.

“दोन दिस,” फिरदोस म्हणाली. ते बाईंना उद्देशून नव्हतं.

बाईंजवळ इथवर येईतो गाडीत जुळवलेली वाक्यं होती, पण ती सगळी न कळत झालेल्या चुकीसाठी जुळवलेली होती. त्यांनी पिशवीचे बंद हातात घेतले.

दारातला फ्लेक्स बाजूला सारून एक माणूस आत आला. पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं.

“झालं का आमचं, ताई? दुपारच्याला लावायचाय चौकात.” त्याचं लक्ष खुर्चीकडं गेलं. “पाव्हणं आल्यात वाटतं?”

“पलूसच्या हैत,” फिरदोस म्हणाली.

ती कॉम्प्युटरकडं वळली आणि तिनं पडदा त्या माणसाच्या बाजूला फिरवला. “नावं बघून घ्या एकदा. मागनं म्हणू नका, अक्षर चुकलं.”

माणूस वाकून नावं वाचू लागला. एकेका नावावर बोट ठेवत, ओठ हलवत. बाई उठल्या. त्यांना वाट द्यायला तो जरा बाजूला सरला. दारापाशी पोचल्यावर त्या थांबल्या. मागं वळावं की नाही, ते ठरत नव्हतं.

“तासगावची गाडी सव्वाला हाय,” मागून फिरदोसचा आवाज आला. “स्टँडात म्होरं न्हाई लागत. मागल्या अंगाला बघा.”

बाईंनी वळून बघितलं. फिरदोस पडद्याकडं बघत होती. तिचं बोट माऊसवर होतं आणि टोपीवाला माणूस तिला कुणाचं तरी नाव पुन्हा, सावकाश, अक्षर अक्षर सुटं करून सांगत होता.